नानांच्या दुखण्यावर ‘विजया’ तेल द्यायचं का?

चोपडा तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. तिच्या सासऱ्यांना, म्हणजे नानांना (वय ६४), गालाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, आता शेक (रेडिएशन) चालू आहेत. जबडा आणि कान रात्री इतके ठणकतात की झोप लागत नाही. ट्रामाडॉलची गोळी आहे, ती ‘फारच झालं तर’ देतात. सात वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदललेली असल्याने रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनची गोळी रोज चालू आहे. पुण्याच्या भाच्याने ‘विजया तेल’ ऑनलाइन मागवायला सांगितलं (गांजा-भांगेच्या झाडाला आयुर्वेदात विजया म्हणतात). गावातल्या एका ओळखीच्याने सातपुड्याकडून गांजा आणून खोबरेल तेलात कढवून द्यायची तयारी दाखवली: “काही नही व्हत, झाडपाला शे.” कपाशीत दोन झाडं लावली तर चालेल का, बऱ्हाणपूरहून भांग आणली तर चालेल का, किती थेंब द्यायचे, असे तिचे प्रश्न आहेत. शेवटी एक ओळ आहे: “या तेलाने गाठच विरघळते म्हणतात, मग शेक बंद करू का? घरात सहा वर्षांचा मुलगाही आहे.”

ताई,

सर्वांत तातडीची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, म्हणून आधी तिचं उत्तर. शेक बंद करू नका, एकही चुकवू नका. तोंडाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर साधारण ३० ते ३३ शेक देतात, आठवड्याला ५, असे सहा-सात आठवडे. मध्ये खंड पडला की उरल्यासुरल्या पेशींना वाढायला वेळ मिळतो आणि त्याच जागी आजार परतण्याचा धोका वाढतो. मागाहून जादा शेक देऊन तो खंड पुरता भरून निघत नाही. गांजाच्या अर्काने प्रयोगशाळेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मरतात हे खरं आहे, पण बशीत पेशी पुष्कळ गोष्टींनी मरतात. माणसाच्या गालातली गाठ त्याने विरघळते याला पुरावा नाही. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या ‘ॲस्को’ या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे की, संशोधन-चाचणी सोडून कॅन्सर बरा करण्यासाठी गांजा किंवा त्याचे घटक वापरू नयेत. आपल्याकडे तर ‘कॅन्सर बरा करतो’ अशी औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने गुन्हा आहे. जो विक्रेता हा दावा करतो, त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

आता दुखणं. तुमच्या पत्रावरून आम्हाला दिसतं ते असं की नानांचं दुखणं थांबत नाही ते तेल नाही म्हणून नव्हे, हे आधी मान्य करू. ‘फारच झालं तर गोळी’ या पद्धतीमुळे ते थांबत नाहीये. कॅन्सरच्या दुखण्याला औषध घड्याळाप्रमाणे द्यावं लागतं, दुखो वा न दुखो. कळ एकदा वर चढली की तीच गोळी तिला खाली आणायला कमी पडते. शिवाय ट्रामाडॉलला वरची मर्यादा आहे, दिवसाला ४०० मिलिग्रॅम. ती ओलांडून दिलं तर फिट येऊ शकते. तेवढ्याने भागत नसेल तर पुढची पायरी मॉर्फिन आहे, आणि ती उशिरा चढण्यात रुग्णाचा काहीही फायदा नाही.

मॉर्फिनचं नाव काढलं की घरात धसका बसतो. म्हणजे आता शेवट आला, किंवा नानांना व्यसन लागेल. दोन्ही समज चुकीचे आहेत. दुखण्यासाठी ठरल्या वेळी तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन क्वचितच लागतं, आणि शेक संपून दुखणं उतरलं की डोस हळूहळू कमी करून बंदही करता येतो. साधारणपणे ५ ते १० मिलिग्रॅमची साधी गोळी दर ४ तासांनी सुरू करतात. झोपताना दुप्पट डोस दिला तर मध्यरात्री उठवावं लागत नाही. मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस वेगळा लिहून घ्या. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, आठवडाभर मळमळ राहू शकते, मग दोन्ही ओसरतात. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासूनच पोट साफ ठेवणारी गोळी सोबत हवी. ती लिहायची राहून जाते, चार दिवस शौचाला होत नाही आणि घरचे मॉर्फिनच बंद करून टाकतात. हे इतक्या घरांत घडतं की डॉक्टरांना न लाजता विचारा. नानांचं तोंड कमी उघडत असेल तर साधी गोळी चुरून पाण्यातून देता येते, पण १२ तास काम करणारी ‘एसआर’ गोळी कधीही चुरायची नाही, सगळा डोस एकदम अंगात जातो. किडनी कमजोर असेल तर डोस बदलतो, तेव्हा क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट सोबत ठेवा.

कानात जाणारी, वीज चमकल्यासारखी कळ बहुधा नसेची असते. तिला गॅबापेंटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिनसारखं वेगळं औषध जोडावं लागतं. मॉर्फिन एकटं तिथे कमी पडतं.

मिळेल कुठे? २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या संस्थेला ती एकाच परवानगीवर ठेवता येऊ लागली. शेक चालू आहेत तिथेच आधी विचारा. नाही म्हणाले तर जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा आणि थेट शब्दांत विचारा: “वेदनाशमन विभाग आहे का? तोंडाने घ्यायचं मॉर्फिन मिळेल का? नसेल तर जवळची मान्यताप्राप्त संस्था कोणती?” गोळी स्वस्त आहे. अडचण येते ती ठेवणारं दुकान शोधण्यात.

मग गांजाच्या घटकांचा उपयोग कशात आहे? सर्वांत भक्कम पुरावा आहे तो केमोच्या उलट्या, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातला स्नायूंचा ताठरपणा आणि लहान मुलांच्या काही दुर्मीळ, हट्टी फेफऱ्यांबाबत. केमोच्या उलट्यांवर टीएचसीची, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाची, गोळी अमेरिकेत १९८५ पासून आहे. फेफऱ्यांसाठी शुद्ध सीबीडीचं, म्हणजे गांजातल्या नशा न आणणाऱ्या घटकाचं, औषध तिथे २०१८ मध्ये मंजूर झालं. कॅन्सरच्या दुखण्यावर मात्र टीएचसी आणि सीबीडीचा तोंडात मारायचा फवारा मोठ्या चाचण्यांत तपासला, तेव्हा मुख्य निकषावर तो आत औषधच नसलेल्या नकली फवाऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. काहींना झोप लागते, मळमळ कमी होते, जीव थोडा निवांत होतो. तेवढं मिळालं तरी कमी नाही. पण ते मॉर्फिनच्या सोबतीला, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर. मॉर्फिनच्या जागी नाही.

आता कायदा. इथे तुमच्या गावातला माणूस तुम्हाला फार मोठ्या संकटात ढकलतो आहे.

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात झाडाचे भाग वेगळे धरले आहेत. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, झाडाचा चीक म्हणजे चरस. दोन्ही बंद. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया या व्याख्येत येत नाहीत, म्हणून पानांपासून आयुर्वेदिक औषध बनवता येतं. गांजा १ किलोपेक्षा कमी असला तर ‘अल्प प्रमाण’, शिक्षा १ वर्षापर्यंत आणि दंड १० हजारांपर्यंत. २० किलोपेक्षा जास्त म्हणजे ‘व्यापारी प्रमाण’, शिक्षा १० ते २० वर्षं आणि जामीन अतिशय कठीण. मधल्या प्रमाणाला १० वर्षांपर्यंत. आता खोबरेल तेलाकडे बघा. गांजा कढवून दाट केलेलं तेल ‘हशीश ऑइल’ धरलं गेलं तर ते चरसच्या रकान्यात जातं, आणि तिथे अल्प प्रमाणाची मर्यादा १०० ग्रॅम आहे. २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मिश्रणाचं वजन करताना त्यातला निरुपद्रवी पदार्थही मोजायचा. म्हणजे पाव लिटरच्या बरणीत खरा अर्क दोन चमचे असला तरी वजन सगळ्या बरणीचं होऊ शकतं, आणि तुम्ही अल्प प्रमाणाच्या पलीकडे जाता. ‘औषधासाठी घेतलं’ हे म्हणणं अशा बरणीला वाचवत नाही.

कपाशीतली दोन झाडं? लागवड हा स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा १० वर्षांपर्यंत आणि दंड १ लाखापर्यंत. झाडं किती, हे कलम बघत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूरपासून चोपड्यापर्यंत, कपाशी-तुरीच्या आड लावलेला गांजा पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या तुम्ही वाचता. त्यात शेतमालकाचं नाव येतंच. एक गोष्ट फारशा लोकांना ठाऊक नसते: तुम्ही शेत बटाईने दिलं असेल आणि बटाईदाराने लावलेली झाडं तुमच्या नजरेस आली, तर लगेच पोलिसांना कळवणं या कायद्याच्या कलम ४६ ने जमीनधारकावर बंधनकारक आहे. माहीत असून गप्प राहिलं तर शिक्षा आहे. सरपंचावरही कलम ४७ ने तीच जबाबदारी टाकली आहे.

बऱ्हाणपूर-सेंधव्याकडे, म्हणजे मध्य प्रदेशात, अबकारी परवान्यावर भांगेची दुकानं चालतात. तिथली भांग तिथे कायदेशीर असली तरी रावेर किंवा शिरपूरच्या बाजूने सीमा ओलांडली की महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा लागतो. त्याच्या कलम ६६ नुसार परवान्याशिवाय भांग जवळ ठेवणं आणि घेणं गुन्हा आहे. औषध म्हणूनही ती बेभरवशाची. एका गोळीत टीएचसी किती, हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं.

राहिला भाच्याने सांगितलेला मार्ग. तो कायदेशीर असू शकतो, पण बाटली वाचता आली पाहिजे. ‘विजया’ औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये आहे, म्हणजे वैद्यकीय देखरेखीखालीच द्यायच्या विषारी द्रव्यांच्या यादीत. अशा आयुर्वेदिक औषधावर राज्याच्या परवाना प्राधिकाऱ्याचा उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत, प्रत्येक घटकाचं प्रमाण आणि ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ हा इशारा इंग्रजी-हिंदीत छापलेला असतो. यातलं काही नसेल तर परत पाठवा. बाटलीवर १४ अंकी एफएसएसएआय (खाद्यपदार्थांच्या सरकारी परवान्याचा) क्रमांक दिसला तर ते बियांचं तेल आहे, खाद्यपदार्थ आहे. त्यात टीएचसी आणि सीबीडी दोन्ही नगण्य असतात. पौष्टिक असेल, पण दुखण्यावर काही करणार नाही. हीच बाटली ‘वेदनाशामक’ म्हणून चढ्या भावाने गळ्यात मारली जाते. परदेशी संकेतस्थळावरून तर मुळीच मागवू नका, पार्सल कस्टममध्ये अडलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

चिठ्ठी नोंदणीकृत वैद्यांची हवी, नोंदणी क्रमांकासह. फोनवर दोन मिनिटांत चिठ्ठी मिळते, पण जो वैद्य “आणखी कोणती औषधं चालू आहेत?” हे विचारत नाही, त्याची चिठ्ठी नानांसाठी निरुपयोगी आहे. मूळ खोका, बिल आणि चिठ्ठी एकत्र ठेवा. प्रवासात तिन्ही सोबत असू द्या.

थेंबांचा हिशेब नीट समजून घ्या, कारण गडबड बहुतेक वेळा इथेच होते. समजा बाटलीवर लिहिलंय: ३० मिलि, विजया पत्र अर्क ३००० मिलिग्रॅम. म्हणजे १ मिलिमध्ये १०० मिलिग्रॅम अर्क. ड्रॉपरचे साधारण २५ थेंब म्हणजे १ मिलि धरले तर एका थेंबात ४ मिलिग्रॅम अर्क आला. पण अर्क म्हणजे टीएचसी नव्हे. त्या बॅचच्या तपासणी अहवालात टीएचसी ४० टक्के असेल तर थेंबात १.६ मिलिग्रॅम, १० टक्के असेल तर ०.४ मिलिग्रॅम. कुणी ‘पाच थेंब घ्या’ म्हणालं, तर एका बाटलीतून ८ मिलिग्रॅम जातील आणि दुसरीतून २. म्हणून बॅचचा अहवाल मागा, आणि तो देत नाहीत त्यांची बाटली घेऊ नका. ड्रॉपर-ड्रॉपरमध्ये थेंब लहानमोठा असतो, तेव्हा बिनसुईच्या १ मिलि सिरिंजमध्ये थेंब मोजून बघा.

वयस्कर माणसाला सुरुवात टीएचसी १ ते २.५ मिलिग्रॅमने, फक्त रात्री झोपताना. पुढचा बदल तीन दिवसांच्या आत नको. पोटात गेलेलं तेल लागायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, जोर दोन ते चार तासांनी येतो आणि अंमल सहा-आठ तास टिकतो. चूक होते ती तासाभराने: “काहीच फरक नाही” म्हणून दुसरा डोस दिला जातो आणि दोन्ही एकत्र चढतात. तूप-दुधासोबत घेतलं तर जास्त शोषलं जातं, म्हणून रोज एकाच पद्धतीने द्या. शेकांमुळे तोंड सोललेलं असेल तर अल्कोहोलमधला अर्क आग करेल, तेलातलाच हवा. नाकातून नळी असेल तर तेल नळीला आतून चिकटतं आणि डोस वाया जातो, तेव्हा आधी परिचारिकेला विचारा.

पण ताई, नानांच्या बाबतीत हा सगळा हिशेब करण्याआधी एक फाटक आहे: वॉरफरिन. टीएचसी आणि सीबीडी दोन्ही यकृतात वॉरफरिनची वाट अडवतात. रक्त गरजेपेक्षा पातळ होतं, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) चढतो, आणि ऑपरेशनच्या ताज्या जखमेतून रक्तस्राव होऊ शकतो. ट्रामाडॉलनेही आयएनआर वाढू शकतो, हे त्यांना लिहून देणाऱ्याला माहीत आहे का ते विचारा. झडप बदललेल्या माणसाची वॉरफरिन घरच्या घरी कमी करणंही तितकंच धोक्याचं, झडपेवर गुठळी बसू शकते. म्हणून हृदयाच्या डॉक्टरांना न सांगता एक थेंबही नको. त्यांनी होकार दिला तर सुरू करण्याआधी आयएनआर, मग तीन-चार दिवसांनी, आणि प्रत्येक डोस बदलल्यावर पुन्हा. हिरडीतून रक्त, लघवी लाल, शौचाला काळं डांबरासारखं, अंगावर निळे डाग, यांपैकी काहीही दिसलं तर तेल बंद करून त्याच दिवशी दवाखाना. टीएचसीने नाडी वाढते आणि उभं राहताना बीपी पडतं. रात्री लघवीला उठताना कुणीतरी सोबत हवं. घरात कुणाला वेड्याचा झटका किंवा स्किझोफ्रेनिया झालेला असेल तर ते वैद्यांना सांगा, अशा माणसाला टीएचसी देत नाहीत. पुढे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणाऱ्या उपचाराचं, बोलणं निघालं तर तिथेही तेलाचं सांगा. काही निरीक्षणांत गांजा घेणाऱ्यांना त्या उपचाराचा गुण कमी आला आहे.

डोस जास्त झालाच, तर घाबरेपणा, धडधड, भास, ओकारी, कधी अतोनात झोप. एका कुशीवर झोपवा, दिवा मंद ठेवा, एकटं सोडू नका. लिंबू, ताक, मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका, गुंगीत ते श्वासनलिकेत जातं. छातीत दुखणं, बेशुद्धी, फिट, किंवा हाक मारूनही न उठणं, यावर लगेच १०८. डॉक्टरांना काय आणि किती दिलं ते खरं सांगा, लपवल्याने उपचार चुकतो. मॉर्फिन चालू असेल तर हा धोका वाढतो, म्हणून दोन्ही औषधं एकाच दिवशी सुरू करायची नाहीत, आणि त्या काळात दारूचा थेंबही नाही. नाना अजून मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवत असतील तर चावी काढून घ्या.

पुढच्या खेपेला जाताना सात दिवसांची नोंद न्या: किती वाजता दुखलं, शून्य ते दहात किती, कोणती गोळी किती वाजता दिली, किती वेळ उतार पडला. या एका कागदावर डोस ठरतो. “फार दुखतं हो” म्हटल्यावर डॉक्टरांनाही अंदाजाने लिहावं लागतं.

आणि तुमचा मुलगा. मॉर्फिन आणि तेल, दोन्ही कुलपात, चावी एकाच माणसाकडे. तेलाला गोड वास असतो, ड्रॉपर बघून मुलाला ते आपल्या सर्दीच्या औषधासारखं वाटेल. त्याने चाखल्याचा नुसता संशय आला तरी “झोपू दे, उतरेल” म्हणत बसू नका. लहान मुलात गुंगी खोल जाते आणि श्वास मंदावतो. बाटली सोबत घ्या आणि थेट रुग्णालयात जा.